काय चावलं, कुठे, किती वाजता

आमच्या मुख्य दाराची चौकट खालून हातभर उंचीपर्यंत गुंड्यानं, म्हणजे आमच्या कुत्र्यानं, खाल्ली आहे. बोट फिरवलं की खाचा लागतात. वरच्या उथळ, खालच्या खोल, आणि एका जागी दात इतका आत गेलाय की माझ्या करंगळीचं टोक बसतं. सोफ्याचा हात आम्ही नवा करून घेतला, रिमोट नवा आला, चपला तर किती आल्या नि किती गेल्या. चौकट तेवढी अजून तशीच आहे. तिची गोष्ट शेवटी सांगते, कारण मला ती कळलीच सगळ्यात शेवटी.

गुंड्या घरी आला तेव्हा नऊ आठवड्यांचा होता. नाक गुंडीसारखं काळंभोर आणि गोल, म्हणून हे नाव. पहिल्याच आठवड्यात माझी जुनी सपाता त्यानं तोंडात धरली, तिच्या वजनानं स्वतःच तोल जाऊन पडला आणि पडल्या पडल्या पट्टा चावत राहिला. आम्ही पोट धरून हसलो, फोटो काढले, आणि "असू दे, नाहीतरी टाकायचीच होती" म्हणत मी ती सपाता त्यालाच देऊन टाकली. पुढची निम्मी डोकेदुखी मी त्या एका वाक्यानं ओढवून घेतली. जुनी सपाता कुठली आणि कालच आणलेला बूट कुठला, हे आपल्याला कळतं. कुत्र्याला दोन्हींत एकच गोष्ट कळते: घरातल्या माणसाच्या पायाचा वास. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात, कुत्र्याच्या नाकात १० कोटींच्या वर. त्याच्या हिशेबी मी त्याला सपाता दिली नव्हती, 'आमच्या वासाच्या वस्तू तुझ्या' असं सांगितलं होतं.

चार महिन्यांचा झाला तसा चावण्याचा सूर बदलला. आधी खेळ होता, आता धुमसल्यासारखं चाललं होतं. खुर्चीचा पाय, दप्तराचा पट्टा, माझ्या गाऊनची कड, लेकाच्या हाताची बोटं, जे समोर येईल ते. एका सकाळी केर काढताना सुपलीत काहीतरी टिक् करून वाजलं. तांदळाच्या दाण्याएवढा, पांढरा, आतून पोकळ दात. लेकानं तो काडेपेटीत जपून ठेवला. पिल्लाला दुधाचे दात २८ असतात, ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी ४२ पक्के दात येतात. म्हणजे दोन-तीन महिने तोंडात सतत काहीतरी हलतंय, काहीतरी फुटतंय आणि हिरड्या ठणकतायत. हे कळल्यावर माझा निम्मा राग गेला. बाकीचा निम्मा राहिला, कारण गाऊन आवडीचा होता.

या काळात सगळ्यात कामाला आला तो एक ओला पंचा. पिळून, दोरखंडासारखी पिळी घालून, मध्ये गाठ मारून मी तो बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. गोठलेली गाठ गुंड्या दोन पंजांत धरायचा, डोळे अर्धे मिटायचे आणि मागच्या दाढांनी कुरर् कुरर् चघळत बसायचा. थंडाव्यानं हिरड्या बधिर होतात, त्याचं ते सुख चेहऱ्यावर दिसायचं. पंचा मऊ पडला, धागे सुटू लागले की काढून घ्यायचा आणि दुसरा द्यायचा. समोर बसून, नजर ठेवूनच. धागा गिळला गेला तर आतड्यात अडकून आतडं चुणीसारखं गोळा होतं. दोऱ्यांच्या खेळण्यांचंही तसंच. ती ओढाओढीच्या खेळापुरती हातात घ्यायची, खेळ संपला की कपाटात.

आता माझ्या मूर्खपणाबद्दल.

एका संध्याकाळी घरी आले तर हॉलभर रिमोटचे तुकडे. बटणांची रबरी पट्टी एकीकडे, झाकण दुसरीकडे. सेल मोजले, दोन्ही सापडले, तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडल्या क्षणी राग डोक्यात गेला. रिमोटचा सांगाडा त्याच्या नाकासमोर धरून मी ओरडले, "हे काय आहे? कुणी केलं?" गुंड्यानं कान मागे टाकले, शेपूट पोटाखाली घेतलं, नजर चुकवली आणि जीभ नाकावर फिरवली. नवरा म्हणाला, "बघ, कळतंय बरोबर त्याला." मलाही तसंच वाटलं, आणि पुढचे दोन महिने मी याच विश्वासावर ओरडत राहिले.

अलेक्झांड्रा होरोविट्झ या कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासिकेनं २००९ मध्ये नेमका हा अपराधी चेहरा तपासला होता. कुत्र्यानं मना केलेला खाऊ खाल्लाय की नाही, याबद्दल मालकाला कधी खरं सांगायचं, कधी चुकीचं, आणि मग कुत्र्याचं वागणं पाहायचं, असा प्रयोग होता. निघालं असं, की तो चेहरा खाऊ खाल्ला की नाही यावर ठरतच नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. काहीच न केलेल्या कुत्र्याला रागावलं तरी तोच चेहरा. हे वाचलं तेव्हा मला गुंड्याची नाकावर फिरणारी जीभ आठवली. तो रिमोटबद्दल काही बोलत नव्हता. माझ्या आवाजाला घाबरून 'पुरे कर' म्हणत होता. चावून तीन तास झाल्यावर ओरडणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. बैलाला त्यातून काहीच कळत नाही.

ओरडण्याचा परिणाम झाला, पण भलताच. गुंड्या चावायचा थांबला नाही, आमच्या समोर चावायचा थांबला. पलंगाखाली, पडद्यामागे, जिथे हात पोचत नाही तिथे वस्तू नेऊ लागला. आणि आम्ही धावलो की सापडलेली वस्तू जाईल म्हणून घाईघाईनं गिळू लागला. साडेपाच महिन्यांचा असताना त्यानं लेकाचा मोजा असाच गिळला. मी पलंगाखाली वाकून "सोड, सोड!" करत हात घातला आणि माझ्या डोळ्यांदेखत मोज्याचं टोक घशाआड गेलं. एक गुळगुळीत हालचाल, बस्स.

आम्ही तडक डॉक्टरांकडे गेलो. कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, घरीच मीठ पाजा म्हणजे उलटी होईल. नशीब, मी ते केलं नाही. मिठानं कुत्र्याच्या जिवाशी खेळ होतो, आणि वस्तू टोकदार असेल तर उलटी करवणंच घातक. मोजा मऊ होता, गिळून फार वेळ झाला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. मोजा अख्खा बाहेर आला, टाचेवरचं नक्षीकाम जसंच्या तसं. उशीर झाला असता तर तो आतड्यात जाऊन अडकला असता आणि पोट उघडावं लागलं असतं. वारंवार उलट्या, खाणं बंद, शी होत नाही, पोटाला हात लावू देत नाही, ही लक्षणं दिसली तर घरी वाट बघत बसू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, "तो चावतो म्हणताय, पण काय चावतो? कुठे? किती वाजता?"

मी म्हटलं, "सगळं. सगळीकडे. दिवसभर."

"तसं नसतं," ते म्हणाले. "लिहून आणा."

लेकाची एक अर्धी कोरी वही होती, तिच्यात रकाने आखले. काय चावलं, कुठे, किती वाजता, आणि त्या वेळी घरात कोण होतं. चौथा रकाना मी सहज जोडला होता, पण पुढे तोच सगळ्यात मोलाचा ठरला. एवढं सगळं लिहून काय साधणार असं वाटत होतं. पंधरा दिवसांनी पानं उलटी चाळली आणि चकित झाले. 'सगळं, सगळीकडे, दिवसभर' यातलं एकही खरं नव्हतं. सकाळच्या नोंदी जवळपास शून्य. दुपारी शून्य. संध्याकाळी सहा ते आठ मात्र पानं भरलेली. आणि वस्तू? चपला, मोजे, चष्म्याचं घर, रिमोट, पाकीट, उशीचा अभ्रा. सगळ्या रोज आमच्या अंगाहाताला लागणाऱ्या. नवीन आणलेल्या लाकडी स्टुलाला दाताचा डागसुद्धा नव्हता.

संध्याकाळी काय होत होतं? आम्ही सगळे एकदम घरी. स्वयंपाक, अभ्यास, फोन, दिवसभराच्या गप्पा. गुंड्या खोलीच्या मधोमध आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसा हा मोजा उचलायचा, आणि उचलला रे उचलला की घरातली तीन माणसं हातातलं टाकून त्याच्यामागे! कुत्र्याच्या दृष्टीनं दिवसातला सगळ्यात झकास खेळ. तो आम्ही रोज न चुकता खेळवत होतो.

सगळ्यात आधी घर आवरलं. ऐकायला काहीच नाही, पण खरा फरक पहिल्या आठवड्यात त्यानंच पडला. चपला दाराआडच्या बंद कपाटात, मळके कपडे झाकणाच्या टोपलीत, रिमोट भिंतीवरच्या कप्प्यात. कुत्रा जी वस्तू चावू शकत नाही, ती चावायची सवयही त्याला लागत नाही. लेक दप्तर जमिनीवर टाकायचा तो टाकेनासा झाला, जे मला आठ वर्षं सांगून जमलं नव्हतं. वायरींना मी फार घाबरायचे. चालू वायर चावली तर तोंड भाजतंच, शिवाय फुप्फुसात पाणी साठू शकतं आणि ते कधी कधी काही तासांनी कळतं. म्हणून चार्जर वापरून झाला की काढायचाच, आणि बाकीच्या वायरी कडक नळीतून घेतल्या. पर्स खुंटीला. तिच्यात औषधांच्या पट्ट्या असतात आणि च्युइंगम असतं. साखर नसलेल्या च्युइंगममध्ये बऱ्याचदा साखरेऐवजी झायलिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं. माणसाला त्याचं काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं झपकन खाली येते.

जे हलवता येत नाही त्याला, म्हणजे सोफा आणि टेबलाचे पाय यांना, कडू फवारा आणला. चव भयंकर, चुकून माझ्या बोटाला लागला तर तासभर तोंड वाकडं होतं. गुंड्यानं टेबलाचा पाय चाटला, थबकला, विचार केला आणि पुन्हा चाटला. तिसऱ्या दिवशी तो मुद्दाम फवारलेल्या जागा शोधून चाटत होता. काही कुत्र्यांवर हा फवारा चालतो म्हणतात. आमच्याकडे बाटली अजून पाऊण भरलेली आहे.

मग त्याच्या हक्काच्या वस्तू. यात मी एक मोठी चूक करता करता वाचले. मला वाटायचं, जेवढं कडक तेवढं टिकाऊ, म्हणजे तेवढं चांगलं. शिंगाचा एक तुकडा आणला होता, दगडासारखा. डॉक्टरांनी तो हातात घेऊन आपलं अंगठ्याचं नख त्यात रुतवून पाहिलं. रुतलं नाही. "नख रुतत नसेल तर दात जाईल," म्हणाले. कुत्र्याच्या दातावरचं कवच माणसाच्या दातापेक्षा पातळ असतं, आणि वरच्या जबड्यातली जी मोठी दाढ कातरीसारखं काम करते, तिचा पापुद्रा अशा कडक वस्तूंनी उभा तडकतो. शिजवलेलं हाड तर त्याहून वाईट, त्याच्या कपच्या होतात. शिंग परत पिशवीत गेलं. तेव्हापासून दुकानात कुठलीही वस्तू घेताना मी आधी नख रुतवून बघते. दुकानदार बघत राहतो.

आमच्याकडे टिकलं ते पोकळ रबरी खेळणं, ज्याच्या पोटात खाणं भरता येतं. या खेळण्याचा जन्मही एका चावऱ्या कुत्र्यापायी झाला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या जो मार्कहॅम या माणसाचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा आणि दात झिजवून घ्यायचा. १९७०च्या दशकात मार्कहॅम आपली फोक्सवॅगन दुरुस्त करत असताना गाडीचा एक रबरी भाग फ्रिट्झच्या हाती, म्हणजे तोंडी लागला, आणि तो दगड विसरला. त्यातूनच काँग हे खेळणं निघालं. गुंड्याचं रोजचं कोरडं खाणं मी कोमट पाण्यात भिजवते, मऊ झालं की त्यात भरते आणि रात्रभर गोठवते. संध्याकाळी बरोबर सहाला, आम्ही सगळे घरात शिरून गोंधळ सुरू व्हायच्या आधी, ते त्याच्यासमोर येतं. पाऊण तास घरात फक्त चाटण्याचा आवाज. हे जास्तीचं खाणं नाही, ताटलीतलंच तेवढं कमी करते, नाहीतर चावणं सुटायचं आणि पोट सुटलेलं राहायचं. बाकीची खेळणी सात-आठ आहेत, पण जमिनीवर एका वेळी तीनच. दर दोन-तीन दिवसांनी बदलते. आठवडाभर कपाटात राहिलेला चेंडू बाहेर आला की त्याला तो नवाच वाटतो.

"सोड" शिकवायला मात्र वेळ लागला, कारण आधी मला माझं "सोड" विसरावं लागलं. आमच्या घरात या शब्दाचा अर्थ 'आता माणसं अंगावर येणार, लवकर गीळ' असा झाला होता. म्हणून नवा शब्द घेतला: "दे." सुरुवात त्याला फारशा न आवडणाऱ्या खेळण्यानं. त्याच्या तोंडात खेळणं, माझ्या मुठीत खाऊ. मूठ नाकाशी नेली, खाण्यासाठी तोंड उघडलं, खेळणं पडलं, त्याच क्षणी "दे" म्हटलं, खाऊ दिला. आणि यातली खरी मेख पुढे आहे. खेळणं लगेच परत त्यालाच दिलं. दहातल्या नऊ वेळा दिल्यावर परत मिळतं, हे त्याला पटल्याशिवाय तो मनापासून देत नाही. मग जरा आवडीचं खेळणं, मग रिकामी बाटली, मग स्वच्छ मोजा. पुढे पुढे खाऊ दाखवायचाच नाही, आधी "दे", मग खिशातून.

तीन आठवड्यांत तो रिमोटसुद्धा आणून हातात द्यायला लागला. मी सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले. मग लक्षात आलं, तो फारच वेळा आणून द्यायला लागलाय. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोजा उचलायचा, माझ्यासमोर बसायचा आणि खिशाकडे बघायचा. सौदा! मी कुत्र्याला दुकान घालून दिलं होतं. उपाय साधा निघाला: काहीही न उचलता गादीवर नुसता बसलेला दिसला की मीच जाऊन खाऊ द्यायची. मोज्याचा भाव पडला, धंदा बसला.

फिरण्याबद्दल सगळे म्हणतात, दमवा, म्हणजे चावणार नाही. आम्ही चेंडू फेकून फेकून दमवला. महिनाभरात त्याची ताकद वाढली आणि घरी येऊन तो आणखी पिसाळल्यासारखा करायला लागला. वहीत संध्याकाळच्या नोंदी चेंडूच्या दिवशीच जास्त होत्या. मग फिरणं तेवढंच ठेवलं, पण पट्टा लांब केला आणि त्याला हवं तिथे हुंगू दिलं. एका झाडाच्या बुंध्याशी चार मिनिटं उभं राहायला माणसाला लाज वाटते खरी, पण घरी येऊन हा पाणी पितो आणि आडवा होतो. झोपही आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. पिल्लं दिवसाचे १८-२० तास झोपतात. आमच्या घरात ज्याला त्याला त्याच्याशी खेळायचं असायचं, आणि जागरणानं किरकिरं झालेलं पोर जसं करतं तसं तो दातांनी करायचा.

सात महिन्यांचा होईतो वहीत आठवड्याला एखादी नोंद. जिंकलो असं वाटलं. मग आठव्या महिन्यात एका दुपारी सोफ्याचा डावा हात गेला. कापड, फोम, खालची फळी. पक्के दात आले तरी जबड्यात ते घट्ट बसायचे असतात, आणि हे वयही शिंगं फुटायचं. दीड वर्षापर्यंत ही दुसरी लाट चालू शकते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हे लोकांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी म्हणायला लागले, शेपूट राहू दे वाकडं, मला तोंडाचं बघू दे. चपला आम्ही 'आता शिकलाय' म्हणून परत बाहेर ठेवायला लागलो होतो, त्या आत गेल्या. हॉलच्या दाराला पुन्हा जाळीचं फाटक लागलं. ही लाट दोन महिन्यांत ओसरली.

आणि आता चौकट.

गुंड्या आला तेव्हा मी घरूनच काम करत होते. तो नऊ महिन्यांचा असताना रोज कार्यालयात जावं लागू लागलं. पहिल्या दिवशी परत आले तर चौकटीच्या कपच्या पडलेल्या आणि दाराखालच्या फरशीवर ओला डाग. शी-शू नव्हती, लाळ होती. मी रबरी खेळणं गच्च भरून ठेवलं होतं. ते जसंच्या तसं, वरून विरघळून पाझरलेलं, पण जिभेचा स्पर्श नाही. मी दार उघडल्यावर, मला भेटून झाल्यावर, मग त्यानं ते अधाशासारखं संपवलं.

मी त्याला मोकाट सोडण्यात चूक झाली असं समजून दुसऱ्या दिवशी त्याच्या पिंजऱ्यात बंद करून गेले. एरवी तो त्यात हौसेनं झोपायचा. संध्याकाळी पिंजऱ्याची एक सळई वाकलेली आणि हिरडी रक्ताळलेली. तो दिवस आठवला की अजून पोटात खड्डा पडतो.

वही काढली. दोन्ही दिवसांच्या नोंदींसमोर चौथ्या रकान्यात तेच: कोणी नाही. आणि मोकळा असताना त्यानं धरलेली जागा नेमकी ती, जिथून आम्ही जातो. दुसऱ्या दिवशी जुना मोबाईल कपाटावर चित्रीकरण चालू करून ठेवला. मी दार लावलं. सत्तेचाळीस सेकंद गुंड्या दाराकडे बघत उभा. मग येरझाऱ्या. तीन मिनिटांनी धाप, जीभ लोंबलेली. सातव्या मिनिटाला चौकटीला पहिला दात. त्यात मजा नव्हती, खेळ नव्हता. कोंडलेला माणूस दारावर मुठी आपटेल तसं चाललं होतं. कंटाळलेला कुत्रा सहसा आधी झोप काढतो आणि मग उद्योग शोधतो. घाबरलेला पहिल्या अर्ध्या तासातच सुटतो, दारं-खिडक्यांवरच जातो, आणि आवडीचं खाणंही त्याच्या घशाखाली उतरत नाही. माझ्या सगळ्या युक्त्या कंटाळ्यावरच्या होत्या. एकटेपणाच्या भीतीवर त्यातली एकही चालणार नव्हती.

डॉक्टरांनी चित्रीकरण पाहिलं. तोंड, दात, पोट तपासून दुखण्याची शंका आधी काढली. मग म्हणाले, शिकवून बघू, न जमल्यास औषधाचाही आधार घेता येतो, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आम्हाला औषध लागलं नाही, पण लागलं असतं तर दिलं असतं.

शिकवणं कसलं, माझंच नाटक होतं ते. किल्ल्यांचा आवाज झाला की तो कान टवकारायचा, म्हणून दिवसातून वीस वेळा किल्ल्या उचलायच्या आणि ओट्याशी जाऊन भाजी निवडायची. बूट घालायचे आणि सोफ्यावर पुस्तक वाचायचं. चार-पाच दिवसांत किल्ल्यांना काही अर्थ उरला नाही. मग दार उघडून लावायचं, बाहेर न जाता. मग बाहेर पाऊल, पाच सेकंद, आत. दहा सेकंद. आठ. वीस. पंधरा. दर वेळी वाढवत नेलं तर त्याला चढण कळते, म्हणून खालीवर. मोबाईलवर त्याला बघत राहायचं आणि येरझाऱ्या सुरू व्हायच्या आत परत यायचं, रडू लागल्यावर परत नाही. आत आल्यावर गळाभेटीचा सोहळा नाही, नुसतं यायचं. शेजारच्या काकूंनी मला दारात तिसऱ्यांदा आतबाहेर करताना पाहिलं आणि काळजीनं विचारलं, "काही विसरलीस का गं?" कारण सांगितल्यावर त्याच म्हणाल्या, "मग दुपारी मी येऊन बसत जाईन की."

काकूंशिवाय हे जमलंच नसतं. कारण शिकवणं चालू असताना त्याला झेपतं त्यापलीकडे एकटं ठेवायचंच नाही, ही सगळ्यात अवघड अट होती. एक दिवस पूर्ण घाबरला की आठवड्याची मेहनत पाण्यात. माझी आई महिनाभर येऊन राहिली, नवऱ्यानं दोन दिवस घरून काम घेतलं, बाकी दुपारी काकू. पाच मिनिटांपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. पाचाचे वीस व्हायला आणखी तीन. वीस मिनिटं ते पाऊण तास हा टप्पा सगळ्यात चिवट, दोनदा मागे यावं लागलं. एकदा मी लिफ्टमध्ये अडकले आणि तो तेवढ्यात चौकटीपाशी पोचला. पाऊण तास सरल्यावर मात्र गाडी सुटली. दोन तास, अडीच, चार. सगळे मिळून साडेचार महिने.

आता गुंड्या दोन वर्षांचा आहे. चार तासांहून जास्त एकटा ठेवत नाही, दुपारी काकू डोकावतातच. कागदी रुमालांवर आमचा विजय झालेला नाही. कुणाच्या खिशातून कोपरा दिसला की तो अलगद ओढून घेतो आणि आपण "दे" म्हणेपर्यंत लगदा झालेला असतो, मग प्रामाणिकपणे लगदाच आणून देतो. उशा चावत नाही, पण नवी उशी आली की तिचं लेबल चावून काढतो. ते का, हे मला कळलेलं नाही. वहीतही कळलं नाही.

गेल्या महिन्यात सुतार दुसऱ्या कामासाठी आले होते. चौकटीपाशी वाकून खाचांवर हात फिरवत म्हणाले, "ताई, ही भरून घेऊ का? लांबी मारून रंग दिला की दिसणारसुद्धा नाही." गुंड्या मागून आला, त्यांचा हात हुंगला, मग चौकट हुंगली, वरपासून खालपर्यंत, आणि जाऊन आपल्या गादीवर पडला.

मी म्हटलं, "पुढच्या वेळी बघू."